महाडच्या मंडपातील एक भाषण

रेवस बंदराचे नाव निघाले की मुंबईच्या अनेक घरांतून एकच आठवण निघते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि तिच्याबरोबर शेकडो माणसे गेली. त्या दुःखाची छाया या नावावर अजून आहे. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी याच किनाऱ्यावरून गेलेली आणखी एक आगबोटही स्मरणात ठेवण्यासारखी आहे. तिचे नाव 'पद्मावती'. २४ डिसेंबर १९२७ रोजी सकाळी ती मुंबईहून निघाली तेव्हा तिच्यावर डॉ. भीमराव आंबेडकर आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी होते. त्यांना जायचे होते महाडला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी.

मुंबईहून त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, जाण्याचा नेहमीचा रस्ता रेवसवरून होता. रेवसच्या टोकाशी धरमतरची खाडी समुद्राला मिळते. बोट त्या खाडीत शिरून धरमतरला लागे आणि तेथून उतारू मोटारीने दक्षिणेकडे महाडच्या वाटेला लागत. सत्याग्रहींना हा मार्ग सोयीचा होता. परंतु धरमतरचे मोटारवाले ऐन वेळी बहिष्कार घालतील अशी शंका होती. आणि तसे झाले असते तर एवढी माणसे महाडपासून कित्येक मैल दूर अडकून पडली असती. म्हणून 'पद्मावती' रेवसच्या खाडीकडे न वळता सरळ दक्षिणेस गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी सावित्री नदीच्या खाडीतील दासगाव येथे उतरली. दासगावाहून महाड पाच मैलांवर आहे. मोटार मिळाली नाही तरी तेवढे अंतर पायी तोडता येण्याजोगे होते.

वक्तृत्वाचा विचार करावयाचा असता बोटीच्या मार्गाची ही हकीकत कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तिचे प्रयोजन असे की, भाषणाची परीक्षा वक्त्याच्या शब्दांपासून सुरू होत नाही, श्रोत्यांपासून होते. रोख भाडे हातात असूनही मोटारीत जागा मिळेल की नाही याची शाश्वती नसलेली माणसे त्या मंडपात जमणार होती. आपल्यावर अन्याय होतो हे त्यांना पटवून देण्याची मुळीच आवश्यकता नव्हती. मग वक्त्याने त्यांना पटवून द्यावयाचे ते काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास डॉ. आंबेडकरांनी महाड येथे जे भाषण केले त्याचे सारे मर्म या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

प्रथम त्या दिवशीची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या कराव्यात असा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले. ठराव कागदावर राहिला. तळ्याकडे जाण्याचे धाडस मात्र कोणास झाले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, आणि तिच्या अखेरीस हजारो माणसे शांतपणे तळ्यावर गेली व पाणी प्याली. थोड्याच वेळात गावात अफवा पसरली की हे लोक आता देवळात शिरणार. आणि परतीच्या वाटेवर असलेल्या, जेवणास बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला झाला. पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहाची तारीख जाहीर झाल्यावर महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, तळे खासगी आहे असे म्हटले, आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला.

तेव्हा श्रोत्यांच्या मनात काय असेल याची कल्पना करणे कठीण नाही. मार खाल्लेला होता, अपमान झालेला होता, आणि पाणी समोर होते. मंडपासाठी गावात सवर्णांकडून जागा मिळाली नव्हती. ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. अशा सभेपुढे उभा राहिलेला वक्ता दोन शब्दांत आग लावू शकतो, आणि त्यासाठी फारशा कौशल्याचीही जरुरी नसते. डॉ. आंबेडकरांनी तो सोपा मार्ग घेतला नाही. त्यांनी भाषणाला आरंभ केला तो प्रतिपक्षाच्या स्तुतीने.

मराठी वाचकास अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती परिचित आहे. वरवर स्तुती करावयाची आणि त्या स्तुतीतूनच निंदा सिद्ध करावयाची, असा तो अलंकार. महाडच्या भाषणाचा पूर्वभाग याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून दाखविता येईल. महाडचे स्पृश्य लोक किती समंजस आहेत, असे वक्ता सांगू लागतो. ते तळ्याचे पाणी स्वतः भरतात एवढेच नव्हे, तर परधर्मीयांनाही भरू देतात. पशुपक्ष्यांना ते तेथे पाणी पिण्यास मज्जाव करीत नाहीत. अस्पृश्यांनी पाळलेली गुरेसुद्धा तेथे खुशाल पाणी पितात. हे लोक मूर्तिमंत दया आहेत. ते हिंसा करीत नाहीत. सापासारख्या घातक प्राण्यालाही जीवदान देतात. सर्वांभूती एकच आत्मा आहे हे त्यांचे तत्त्व आहे. अशी एकेक पायरी चढत वक्ता शेवटी एका साध्या प्रश्नाशी येऊन थांबतो: असे हे दयावंत लोक आपल्याच धर्माच्या काही माणसांना मात्र त्या पाण्यापासून दूर का ठेवतात?

या योजनेचे सामर्थ्य कशात आहे? पहिली गोष्ट अशी की, यात एकही विधान खोटे नाही. गुरे पाणी पितात हे सर्वांनी पाहिलेले होते. परधर्मीय पाणी भरतात हेही रोजचेच होते. श्रोत्यास नवे काही सांगितले गेले नाही. जे त्यास ठाऊक होते तेच एका ओळीत मांडले गेले. दुसरी गोष्ट, निष्कर्ष वक्त्याने उच्चारलाच नाही. आपल्या गोठ्यातील बैल जेथे पाणी पितो तेथे आपण पिऊ शकत नाही, हे वाक्य श्रोत्याच्या मनात आपोआप तयार झाले. दुसऱ्याने सांगितलेले अनुमान माणूस विसरतो किंवा त्याविषयी वाद घालतो. स्वतः काढलेले अनुमान त्याच्याजवळ राहते. तिसरी गोष्ट, प्रतिपक्षाला रागावण्यास जागा उरली नाही. त्याला शिवी दिली असती तर त्याने शिवीची तक्रार केली असती आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला असता. स्तुतीची तक्रार कोण करणार?

परंतु एवढ्यावरच भाषण थांबते तर ते एक चमकदार भाषण ठरले असते, याहून अधिक नव्हे. उपरोधाने प्रश्न उभा राहतो, मनुष्य हसतो किंवा चिडतो. त्याने काय करावे हे त्यास कळत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात वक्त्याने प्रश्नाचे उत्तर देण्यास घेतले, आणि तेथे त्याने एक विलक्षण गोष्ट केली. ज्या पाण्यासाठी माणसे एवढ्या दुरून आली होती त्या पाण्याचे महत्त्व त्याने शून्यावर आणले.

त्याची विचारसरणी अशी: अस्पृश्याच्या स्पर्शाने तळ्याचे पाणी नासते किंवा आटून जाते, असे अडविणाऱ्यांनाही खरोखर वाटत नाही. त्यांच्या नकाराचे कारण वेगळे आहे. एका पाणवठ्यावर पाणी पिणे म्हणजे बरोबरीचे नाते मान्य करणे होय, आणि शास्त्राने हीन ठरविलेल्यांशी ते नाते त्यांना मान्य करावयाचे नाही. भांडण पाण्याचे नसून समतेचे आहे. मग ज्यांना पाणी हवे आहे त्यांनीही हे ओळखले पाहिजे. चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही. ते न पिता आजवर दिवस गेलेच आहेत. तळ्यावर जावयाचे ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे, तर इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी.

राजकीय वक्ते सामान्यतः याच्या उलट करतात. जी वस्तू मिळवावयाची असेल तिचे मोल ते वाढवून सांगतात. कर कमी झाला की सुवर्णयुग येईल, अमुक कायदा झाला की दारिद्र्य पळेल, असे आश्वासन देतात. त्यामुळे जमाव चटकन हालतो, हे खरे. परंतु वस्तू हाती आली की आंदोलन संपते, आणि वस्तू हाती आली नाही तर उमेद संपते. डॉ. आंबेडकरांनी वस्तूचे मोल उतरविले आणि तिच्यामागील हक्काचे मोल वाढविले. या फेरफाराचा परिणाम त्या संध्याकाळी कोणाच्या लक्षात आला नसेल. दोन दिवसांनी तो सर्वांस दिसला. त्याविषयी पुढे येईलच.

हक्काचे मोल वाढवावयाचे म्हणजे त्याला योग्य अशी उंच जागा द्यावयाची. त्यासाठी भाषणाचा तिसरा भाग महाडहून थेट फ्रान्समध्ये जातो. या परिषदेला हिंदुस्थानच्या इतिहासात तोड नाही, असे सांगून वक्ता १३८ वर्षांपूर्वीच्या एका सभेचा दाखला देतो. २४ जानेवारी १७८९ रोजी सोळाव्या लुईने आपल्या राज्यातील प्रतिनिधींची सभा बोलाविण्याचे फर्मान काढले. त्या सभेतून पुढे फ्रान्सची राष्ट्रीय सभा जन्मास आली आणि तिने समाजरचनेची नवी तत्त्वे जगापुढे ठेवली. महाडची परिषद त्याच कार्यासाठी भरली आहे, असे हे प्रतिपादन होते.

कोकणातील खेडूत, गिरणीतील कामगार, पेन्शनर शिपाई यांच्यापुढे व्हर्सायची कथा सांगणे हे विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांना कोणत्या तरी थोर परंपरेत जागा देणे हीच त्या क्षणाची निकड होती. देशाच्या जुन्या ग्रंथांतून ती जागा मिळण्यासारखी नव्हती. त्या ग्रंथांनीच ती नाकारली होती. म्हणून वक्त्याने जगाच्या इतिहासातून ती मिळविली. महाडच्या एका तळ्यासाठी जमलेला मनुष्य आता पॅरिसच्या तिसऱ्या वर्गाचा, सरदार आणि धर्मगुरू या दोन वरच्या वर्गांनी दाबून ठेवलेल्या सामान्य जनतेचा, सोबती झाला.

येथे आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीचे नाव घेतले की सुशिक्षित माणसास प्रथम गिलोटिन आठवते. वक्त्याने ही आठवण दडपून टाकली नाही. उलट, राष्ट्रीय सभेवर इतिहासकार जे आरोप करतात ते त्याने आधी स्वतःच वाचून दाखविले: राजाराणीचा वध झाला, सरदारांचा छळ झाला, श्रीमंतांच्या मालमत्ता जप्त झाल्या, युरोप युद्धात लोटला गेला. हे सांगून झाल्यावर त्याने उत्तर दिले की, या आरोपांत त्या सभेच्या कार्याचे मर्म नाही. शास्त्री-पंडितांच्या वादपद्धतीत पूर्वपक्ष मांडून मग त्याचे खंडन करतात, तीच ही पद्धत होय. विरुद्ध बाजू श्रोत्याच्या कानावर पुढे कोठेतरी पडणारच. ती वक्त्याच्या तोंडून आधीच पडलेली असली तर श्रोता पुढे डगमगत नाही. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने पाहता राजाला देहान्त शासन देणारी सभा १७८९ ची नव्हती. ती नंतर निवडून आलेली होती. हा तपशील वक्त्याने उकलला असता तर त्याचे उत्तर अधिकच भक्कम झाले असते. तथापि त्याचा रोख तपशिलावर नव्हता. त्या सभेने जाहीर केलेल्या मानवी हक्कांवर होता.

त्याच फ्रान्समधील दुसऱ्या एका भाषणाशी तुलना केली म्हणजे ही निवड किती विचारपूर्वक होती हे कळते. २ सप्टेंबर १७९२ रोजी प्रशियाचे सैन्य व्हर्दूनच्या वेशीवर असताना दाँतॉंने पॅरिसच्या विधिसभेपुढे जे भाषण केले ते जगातील प्रसिद्ध भाषणांत गणले जाते. शत्रू जवळ आला आहे, धोक्याची घंटा वाजते आहे, जो शस्त्र धरणार नाही वा शस्त्र देणार नाही त्यास मृत्यूची शिक्षा असावी, असा त्याचा सूर होता. आणि धाडस या एका शब्दाचा तीन वेळा उच्चार करून त्याने सभा पेटविली. भीती, घाई आणि पुनरुक्ती ही त्याची साधने. त्यांनी सैन्य उभे राहण्यास हातभार लागला यात संशय नाही. परंतु त्याच दिवशी दुपारपासून पॅरिसच्या तुरुंगांतून कैद्यांची कत्तल सुरू झाली. त्या कत्तलीचा किती दोष दाँतॉंकडे जातो याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण पेटलेला जमाव वक्त्याने दाखविलेल्या दिशेनेच जाईल असे नसते, एवढे त्यावरून निश्चित दिसते. महाडच्या वक्त्याने फ्रान्सच्या इतिहासातून घेतला तो १७८९ चा हक्कांचा जाहीरनामा. १७९२ ची घंटा त्याने घेतली नाही.

भाषणाचा शेवटचा भाग श्रोत्यांना सुखविणारा नाही. केवळ शिवाशिव गेली म्हणजे काम संपले असे वक्ता म्हणत नाही. रोटीबंदी आणि बेटीबंदी जाईपर्यंत, चातुर्वर्ण्याचा पायाच उखडला जाईपर्यंत ही विषमता राहणार, असे तो स्पष्ट बजावतो. हे काम ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनीच हाती घेतले पाहिजे. आणि त्यात हित त्यांचेच नव्हे, सर्व राष्ट्राचे आहे, असेही तो सांगतो. हे कार्य शांततेने व्हावे ही त्याची इच्छा. पण ते तसे होईल की नाही हे विरोधकांच्या वागणुकीवरही अवलंबून आहे, ही जाणीव तो त्यांना देतो. म्हणजे पल्ला लांबचा आहे, खर्च मोठा आहे आणि खात्री कसलीच नाही, असा हा हिशेब. श्रोत्याला लहान मूल न समजता व्यवहारी प्रौढ माणूस समजणाऱ्या वक्त्याचीच ही रीत असू शकते.

भाषणानंतर परिषदेने मनुष्यमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा ठराव केला. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते स्वतः जन्माने ब्राह्मण होते. आणि ही गोष्टही पटवून देण्याच्या कार्यात मोलाची होती, कारण विरोध जातीला नसून तत्त्वाला आहे हे तिने शब्दावाचून सांगितले. रात्री नऊच्या सुमारास मंडपाजवळ खणलेल्या वेदीत त्या ग्रंथाचे दहन झाले. या कृत्याविषयी तेव्हा वाद झाला आणि नंतरही होत राहिला. येथे नोंदण्याजोगी गोष्ट एवढीच की, दुपारच्या भाषणात जो विचार होता त्याचेच ते दृश्य रूप होते. मंडपातील व्यासपीठावर एकच तसबीर होती, ती महात्मा गांधींची. आणि आंदोलनाला नाव होते सत्याग्रह. शब्द, कृती आणि चिन्ह यांचा असा मेळ ज्या सभेत असतो तेथे श्रोत्याच्या मनात संभ्रम राहत नाही.

आता त्या भाषणाच्या खऱ्या कसोटीकडे वळावयाचे. २६ डिसेंबर रोजी सत्याग्रह करावा की नाही याचा विचार सुरू झाला. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलले आणि कोर्टाचा हुकूम मोडू नये असा त्यांनी सल्ला दिला. वक्त्यांमागून वक्ते उठले आणि बहुतेकांनी सत्याग्रह झालाच पाहिजे असे सांगितले. तुरुंगात जाण्याची तयारी असणाऱ्यांची नावे लिहून घेण्यात आली. ती ३,८८४ भरली. एवढी माणसे सज्ज असताना २७ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांनी त्यांना सांगितले की, तूर्त थांबावे. भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही. हुकूम मोडला तर दोघांशीही एकदम झुंजावे लागेल, आणि सनातन्यांना तेच हवे आहे. कोर्टाचा निकाल होईपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेवावा. सभेने ते मान्य केले. मग प्रचंड मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि पाण्यास हात न लावता शांतपणे परतली.

हा प्रसंग साधा नव्हे. लोकांना पुढे लोटणे सोपे असते. पुढे आलेल्यांना फुटू न देता मागे वळविणे फार अवघड. अनेक चळवळी अशाच क्षणी मोडतात. नेत्यावर भ्याडपणाचा आरोप होतो, अनुयायांत तट पडतात, किंवा एखादा अविचारी गट नको ते करून बसतो. महाडला तसे झाले नाही. निराशा झाली नाही असे नव्हे. पुष्कळ जण खिन्न झाले होते. पण कोणी बेबंद झाला नाही. याचे श्रेय डॉ. आंबेडकरांवरील विश्वासास आहे, असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. परंतु विश्वासालाही टेकण्यास आधार लागतो. दोन दिवसांपूर्वीच त्या माणसांना सांगितलेले होते की येथे येण्याचा हेतू पाणी हा नव्हे. जर पाणी हाच हेतू असता तर न पिता परतणे म्हणजे हार ठरली असती. हेतू हक्क हा होता. आणि हक्कासाठी लढणारा मनुष्य कोर्टातही लढू शकतो, रस्त्यावरही लढू शकतो, आणि थांबूनही लढू शकतो. २५ तारखेच्या भाषणाने पाण्याचे मोल उतरविले होते. म्हणूनच २७ तारखेला कोरड्या ओंजळीने परतलेल्या माणसांची मान खाली गेली नाही.

परिषदेच्या अखेरीस स्त्रियांपुढे झालेले भाषण याच धोरणाचे आहे. डॉ. आंबेडकरांनी त्यांना ओळखीच्या खुणा टाकून द्यावयास सांगितले: लुगडे स्पृश्य स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसावे, हातापायांतील ओबडधोबड दागिने टाकावेत, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिरू देऊ नये, मुलामुलींना शाळेत घालावे. यातील एकही गोष्ट कोर्टाच्या परवानगीवर अवलंबून नव्हती. दुसऱ्याच दिवशी कित्येक स्त्रिया लुगडे नव्या पद्धतीने नेसून आल्या. तळ्याचा निकाल दहा वर्षे लांबणार होता. हा निकाल एका रात्रीत लागला. ज्याला पुढच्या कृतीसाठी दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही, त्याला थांबणे जड जात नाही.

तळ्याचा दावा खालच्या कोर्टांतून वर चढत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. अनादि काळापासून चालत आलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. त्यानंतर तेरा वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास कोणासही जातीच्या कारणाने अडविता येणार नाही असे लिहिलेले आहे, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, जे महाडच्या मंडपात बोलले होते. १७८९ च्या जाहीरनाम्याचा दाखला त्या मंडपात शोभेसाठी दिलेला नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

रेवसच्या आसपासच्या प्रदेशातच या रीतीचे दुसरे उदाहरण घडले. अलिबाग-वडखळ रस्त्यावरील चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सभा झाली, आणि खोतांची जमीन कसावयाची नाही असे तेथे ठरले. पंचवीस गावांतील कुळांनी भातशेती ओस ठेवली. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर तेथील शेतकरी परिषदेस गेले होते. शेतकऱ्याला शेत नांगरू नको म्हणून पटविणे हे तहानलेल्याला पाणी पिऊ नको म्हणून पटविण्यासारखेच आहे. भाताचा दाणा हा हेतू असता तर पहिल्याच पावसाळ्यात नांगर बाहेर निघाला असता. कसणाऱ्याचा हक्क हा हेतू होता, म्हणून जमिनी सुमारे सहा वर्षे पडीक राहिल्या. माणसांनी लाकूडफाटा विकून, मासळी धरून, मोलमजुरी करून दिवस काढले. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा मुंबई इलाख्यात झाला.

सुशिक्षित कुटुंबांतून राजकीय भाषणांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते ती निव्वळ शब्दांची आतषबाजी. शहाण्याने कान बंद करावेत. काहींना वक्ता बोलू लागला की भान राहत नाही. महाडचे भाषण दोघांनाही काही शिकविते. त्यात युक्ती आहे, यात संशय नाही. उपरोध आहे, क्रमाक्रमाने चढविलेली मांडणी आहे, दूरच्या देशाचा दाखला आहे. युक्ती असणे हा दोष नव्हे. प्रत्येक बोलणाऱ्याजवळ ती थोडीबहुत असतेच. प्रश्न असा विचारावा की, त्या युक्तीने श्रोत्याची विचारशक्ती झोपविली की जागी केली? विरुद्ध बाजू सांगितली की लपविली? खर्च सांगितला की नुसता लाभ?

या प्रश्नांत आणखी एकाची भर घालावी लागेल, आणि तो सर्वांत कठीण आहे. भाषण ऐकून उठलेला मनुष्य उद्या त्याच वक्त्याने थांब म्हटले, तर कारण समजून थांबू शकेल काय? ज्याला केवळ चेतविलेले असते तो थांबू शकत नाही. त्याच्याजवळ आवेशाखेरीज काही नसते. ज्याला कारण दिलेले असते तो थांबतो आणि वेळ आली की पुन्हा उठतो. महाडला १९२७ च्या डिसेंबरात जमलेली माणसे पाणी न पिता आपापल्या गावी गेली. त्यांतील पुष्कळांनी दहा वर्षे वाट पाहिली, आणि १९३७ सालच्या निकालाने तळ्याचा घाट त्यांना कायद्याने मोकळा झाला.